भाडेकरूची चौकशी आणि घरमालकाचे कागद

डिचोली तालुक्यातल्या मये गावात भाडेकरूच्या चौकशीचा प्रश्न इतर गावांपेक्षा जरा तिरपा उभा राहतो. खोली देण्याआधी घरमालकाने समोरच्याकडे कागद मागावेत हे कुठेही रास्तच आहे. पण मयेतल्या कित्येक घरमालकांकडे आपण मालक असल्याचा कागदच पन्नासहून अधिक वर्षे नव्हता. गावातली बरीचशी जमीन पोर्तुगीज अमदानीतल्या कोंद द मये या किताबवाल्या घराण्याची. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक गोवा सोडून गेले आणि १९६४ च्या स्थलांतरित मालमत्तेच्या कायद्याने ही जमीन कस्टोडियन या सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, कसणाऱ्या लोकांचा भाटकार, म्हणजे जमीनमालक, बदलला, एवढाच काय तो फरक. घराची डागडुजी, वाढीव बांधकाम, बँकेचे कर्ज अशा प्रत्येक कामी मालकीच्या कागदावाचून अडू लागले. बऱ्याच आंदोलनांनंतर २०१४ साली विधानसभेने जुनी मालकी, किताब आणि जमिनीची दाने रद्द करणारा कायदा केला आणि रहिवाशांना सनदा मिळण्याची वाट मोकळी झाली. ती वाट अजून पुरती चालून झालेली नाही. अर्ज करणाऱ्याला आपण इथे केव्हापासून राहतो हे कागदांनी दाखवावे लागते. म्हणजे गावात परका भाडेकरू आला की त्याला जे प्रश्न विचारले जातात, साधारण तेच प्रश्न सरकारने या गावालाही विचारले आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की भाडेकरूची चौकशी म्हटली की गोव्यात आज एकच चित्र पुढे येते. बाहेरून आलेला माणूस, त्याचे आधार कार्ड, पोलीस स्थानकात द्यायचा फॉर्म. या चित्रात चौकशी एका बाजूने होते आणि तीही माणूस मूळचा कुठला एवढ्यापुरती. माझे म्हणणे असे आहे, की चौकशी जरूर व्हावी, आजच्यापेक्षा जास्त नीट व्हावी; पण ती माणसाच्या मुळाची न होता त्याच्या व्यवहाराची व्हावी, आणि भाडेकरूकडे जितके कागद मागितले जातात तितकेच घरमालकानेही दाखवावेत. हे न्यायाचे आहे म्हणून तर खरेच, पण त्याहून साधे कारण म्हणजे त्यात घरमालकाचे स्वतःचे हित आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. बरीच वर्षे भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याची सक्ती ही जिल्हाधिकाऱ्यांच्या तात्पुरत्या आदेशांवर चाले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघालेला आदेश एरवी दोन महिने टिके. मग तो पुन्हा काढायचा, पुन्हा वर्तमानपत्रात छापायचा. आता त्या कलमाच्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. परदेशी माणूस राहायला आला तर चोवीस तासांत सी-फॉर्म भरायचा, हा नियम पेडण्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत, जवळजवळ प्रत्येक खोलीवाल्याला पाठ आहे. देशातल्या भाडेकरूंसाठी मात्र गोवा विधानसभेने २०२४ साली पडताळणीचा वेगळा कायदाच केला आणि माहिती न देणाऱ्या घरमालकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्यामुळे वाद आता पडताळणी करावी की नको याचा राहिलेला नाही. फॉर्म भरून दिला की चौकशी संपली असे मानायचे का, एवढाच प्रश्न आहे.

फॉर्मचे काम मर्यादित असते. भाडेकरूचे नाव, छायाचित्र, ओळखपत्र, कायमचा पत्ता हे सारे पोलिसांकडे जाते. त्याच्यावर कुठे गुन्हा नोंद असेल आणि ती नोंद संगणकावर चढलेली असेल तर ती सापडू शकते. पुढे काही विपरीत घडलेच तर तपासाला एक टोक हाती लागते. हा उपयोग कमी लेखण्यासारखा नाही. पण भाडे वेळेवर येईल का, पाण्याची मोटर रात्रभर चालू राहील का, दोघांना दिलेल्या खोलीत महिन्याभरात सातजण राहू लागतील का, आणि मुख्य म्हणजे मुदत संपल्यावर माणूस जागा सोडेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर पोलिसांच्या नोंदीत नसते. वेळेवर भाडे न देणे हा गुन्हा नाही. आधार कार्डातून माणूस तोच आहे हे कळते, तो कसा आहे हे कळत नाही. घरमालकाची झोप ज्या काळजीने उडते ती या फॉर्मच्या बाहेरच राहते.

ती काळजी गोव्यात जरा जास्तच खोल आहे आणि तिला इतिहास आहे. १९६४ चा कूळ कायदा, त्यात पुढे झालेली दुरुस्ती, १९६८ चा इमारत भाडे नियंत्रणाचा कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा या सगळ्यांनी कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला आधार दिला. भाटकाराच्या एका शब्दावर माणसे घराबाहेर काढली जात त्या काळात हे कायदे हवेच होते; पेडणे आणि डिचोलीतल्या हजारो कुटुंबांच्या डोक्यावर आज छप्पर आहे ते त्यांच्यामुळे. पण भाटकारांच्या आणि पुढे साध्या घरमालकांच्याही मनात त्याचा एक उलटा धडा बसला, की माणूस एकदा आत आला की निघत नाही. तेव्हापासून खोली द्यायची ती तोंडी, पावती द्यायची नाही, भाडे रोख घ्यायचे, कुठे नाव लागू द्यायचे नाही, अशी पद्धत पडली. कागद केला की हक्क तयार होतो, ही त्यामागची समजूत.

ही समजूत निदान मुंडकाराच्या बाबतीत कायद्याच्या नेमकी उलट आहे, आणि ते फारसे कुणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबले पाहिजे. १९७५ च्या कायद्यात मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जागेतल्या राहत्या घरात कायम वस्ती करून असलेला माणूस. पण त्याच व्याख्येत कोण मुंडकार नाही हेही स्पष्ट लिहिले आहे. राहण्याबद्दल भाटकाराला भाडे देणारा मुंडकार नाही. मालकाच्या आवारात राहणारा पगारी गडी किंवा चौकीदार नाही. गिरणी, कारखाना, खाण अशा ठिकाणच्या नोकरीपायी तिथल्या मालकाच्या जागेत राहणारा कामगार नाही. घर सांभाळण्यासाठी ठेवलेला राखणदारही नाही. याचा सरळ अर्थ असा, की महिन्याच्या महिन्याला भाड्याची पावती देणारा घरमालक स्वतःच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तयार करत असतो. पावती टाळणारा तो पुरावा आपल्या हाताने फाडून टाकतो, आणि उद्या वाद मामलेदारासमोर गेलाच तर हा माणूस भाड्याने राहत होता हे दाखवायला त्याच्याकडे शेजाऱ्याच्या साक्षीपलीकडे काही उरत नाही. अकरा महिन्यांच्या करारामागची भीतीही याच जातीची आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती चुकवायची म्हणून अकरा महिने. महाराष्ट्राने १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदतीचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. त्याच कायद्यात मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला बाहेर काढण्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे. पुण्यामुंबईकडच्या घरमालकाला कागदाची भीती कमी आणि सवय जास्त आहे, त्याचे एक कारण हे.

कागद नाही म्हणून भीती, आणि भीती आहे म्हणून माणूस निवडताना आडनावावर, राज्यावर, धर्मावर बोट ठेवायचे, असे हे चक्र चालते. त्यात एक विचित्र गोष्ट घडते. काही घरमालक बिगरगोमंतकीयांना जागा नको म्हणतात, तर काहीजण मुद्दाम गोंयकारालाच नाकारतात, कारण इथला माणूस कायदा जाणतो, ओळखी काढतो, हटत नाही. बाहेरचा निदान हंगाम संपला की गावी जातो. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेल्या सत्तरी तालुक्यातल्या मुलाला आणि बिहारहून आलेल्या मजुराला अशा रीतीने एकाच भीतीपोटी, पण उलट कारणांनी नकार मिळू शकतो. दोघांपैकी एकाच्याही आधीच्या घरमालकाला कुणी फोन केलेला नसतो.

नकाराचे हे वजन मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. सौगातो दत्ता आणि विक्रम पठानिया या संशोधकांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांच्या जाहिरातींना वेगवेगळ्या नावांनी विचारणा पाठवून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१६ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संस्थेने प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावाला शंभरातल्या पस्तीस घरमालकांनी प्रतिसाद दिला, मुस्लिम वाटणाऱ्या नावाला बावीसांनी. अनुसूचित जाती किंवा इतर मागासवर्गीयांच्या नावांबाबत या अभ्यासात असा स्पष्ट फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे. दिल्लीचा आकडा गोव्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण नावाखेरीज काहीच माहीत नसतानाही निवड सुरू झालेली असते, हे त्यातून कळते. अशा निवडीला चौकशी म्हणायचे कसे, चौकशी सुरू होण्याआधीच ती आटोपलेली असते.

यावर येणारा आक्षेप जोरदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. गोव्यात गुन्हे करणाऱ्यांत परप्रांतीय जास्त असतात, मग घरमालकाने ते लक्षात का घेऊ नये? १ मे २०२३ रोजी कामगार दिनाच्या कार्यक्रमात खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोव्यातले सुमारे नव्वद टक्के गुन्हे बिहार, उत्तर प्रदेश अशा राज्यांतून आलेल्या मजुरांकडून होतात अशा आशयाचे विधान केले आणि त्यावरून बिहारात बरीच नाराजी उमटली. तो आकडा बरोबर होता की चूक, या वादात न शिरता तो घटकाभर खरा धरू. घरमालकाला त्यातून काय कळते? समजण्यापुरते उदाहरण घ्या. एका तालुक्यात बाहेरून आलेले दहा हजार मजूर आहेत आणि वर्षभरात वीस गंभीर गुन्हे घडले. त्यांतले अठरा, म्हणजे नव्वद टक्के, या मजुरांपैकी वेगवेगळ्या अठरा जणांनी केले. तरी उरलेल्या नऊ हजार नऊशे ब्याऐंशी जणांनी काहीच केलेले नाही. गुन्हेगारांत मजूर किती, हा आकडा पोलीस अधीक्षकाच्या कामाचा. मजुरांत गुन्हेगार किती, हा प्रश्न खोली देणाऱ्याचा. पहिल्याचे उत्तर नव्वद टक्के असतानाही दुसऱ्याचे उत्तर पाव टक्क्याहून कमी असू शकते. सभांमधून आणि चहाच्या टेबलावर हे दोन प्रश्न सर्रास एकच समजले जातात.

मग व्यवहाराची चौकशी करायची कशी? खेड्यात तिची जुनी रीत आहेच: कुणाच्या ओळखीने आला? ओळख देणाऱ्याची अब्रू पणाला लागते, म्हणून तो उगाच कुणालाही आणून उभा करत नाही. या रीतीत शहाणपण आहे. पण तिचा घेर लहान. कर्नाटकातून डिचोलीच्या इस्पितळात आलेल्या परिचारिकेला मयेत ओळखणारे कोण असणार? आणि ओळख देणाराही ‘माणूस चांगला आहे’ यापलीकडे काही सांगत नाही. तेव्हा ओळख घ्यावी, पण प्रश्न नेमके विचारावेत, आणि ते आधीच्या घरमालकाला विचारावेत. तिथे केव्हा ते केव्हा राहिला, भाडे कोणत्या तारखेला येई, किती वेळा लांबले, जागा सोडताना आगाऊ कळवले का, अनामतीतून काही कापावे लागले का आणि कशापायी. आपल्याकडची माहिती आधी देऊ नये. ‘हे पाच हजार भाडे देत होते ना?’ असे विचारले की हो म्हणायला काही लागत नाही. ‘भाडे किती होते?’ असे विचारले की घरमालक बनून फोनवर बसलेला मित्र अडखळतो. आणखी एक गोम आहे. आजचा घरमालक त्या भाडेकरूला कंटाळलेला असेल तर तो त्याची तोंडभर स्तुती करतो, कारण त्याला पीडा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते. त्याच्याही आधीच्या घरमालकाला अशी गरज नसते, म्हणून त्याचे बोलणे जास्त विश्वासाचे. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याच्या बाबतीत काम देणाऱ्याला विचारावे. नोकरी खरी आहे का आणि किती काळ आहे, एवढेच. पगाराची पावती किंवा बँकेच्या तीन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या की भाडे झेपेल की नाही हे कळते. रोजंदारीवरच्या माणसाकडे पगारपत्रक नसते, पण मोबाईलवरून आलेल्या मजुरीच्या नोंदी हल्ली बहुतेकांकडे असतात. लग्न झाले का, घरात काय शिजवता, देव कोणता, या प्रश्नांची उत्तरे मिळूनही भाड्याबद्दल काही कळत नाही.

चौकशीत गोळा झालेल्या कागदांचे पुढे काय होते, याकडे कुणाचेच लक्ष नसते. एका खोलीसाठी पाचजण येतात, पाचांच्या आधारच्या प्रती दलालाच्या व्हॉट्सॲपवर जातात, खोली एकाला मिळते आणि उरलेल्या चौघांचे कागद त्या मोबाईलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत सरकारी संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. पहिल्या भेटीला तेवढी पुरे. पोलिसांच्या फॉर्मसाठी पूर्ण कागद लागेल तो खोली ठरल्यावर, आणि त्या प्रतीवर कशासाठी दिली ते आडवे लिहून. ज्याला जागा दिली नाही त्याला कारण सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९७० पासून असा कायदा आहे, की एखाद्या संस्थेच्या अहवालावरून भाडेकरूला नाकारले तर तो अहवाल कुणाचा हे त्याला कळवावे लागते, आणि त्यात चूक असल्यास ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला मिळतो. गावच्या पातळीवर एवढे सोपस्कार कुणी करणार नाही. पण ‘आधीच्या घरमालकाने भाडे थकल्याचे सांगितले’ असे तोंडावर सांगितले, तर निदान खोटे असेल ते खोटे ठरवण्याची संधी माणसाला मिळते.

पोलिसी पडताळणीची जबाबदारी घरमालकावर टाकली की काय होते, याचा अनुभव गोमंतकीयांनी परदेशात घेतला आहे. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तिथे २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने, भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही हे तपासण्याचे काम घरमालकांकडे दिले. आधी वेस्ट मिडलंड्समध्ये आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून साऱ्या इंग्लंडमध्ये. चुकीच्या माणसाला जागा दिली तर दंड. २०२४ पासून तो पहिल्या खेपेला माणशी दहा हजार पौंडांपर्यंत गेला आहे. दंड एकाच बाजूने असल्यावर घरमालक काय करणार? शंका आली की नाही म्हणणार, आणि शंका येते ती नावावरून, उच्चारावरून. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने या योजनेमुळे भेदभाव होतो असा निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि योजना कायदेशीर ठरवली. पण काही घरमालक तिच्यामुळे भेदभाव करतात ही गोष्ट त्या न्यायालयानेही नाकारली नाही. त्याच इंग्लंडने २०१९ पासून भाडेकरूच्या चौकशीचा खर्च त्याच्याच माथी मारायला बंदी केली, हेही सांगितले पाहिजे. गोव्याच्या कायद्यातला दंड माहिती न दिल्याबद्दलचा आहे. अमुक माणसाला जागा दिलीत म्हणून तो होत नाही, आणि हा फरक मोलाचा आहे. कुणालाही खोली द्या, फक्त कळवा, एवढेच कायदा म्हणतो. मात्र पोलिसांची कटकट नको म्हणून परप्रांतीयच नको, असे गावागावातून ठरू लागले तर कायद्यात न लिहिलेली शिक्षा भाडेकरूला होईल.

आता दुसरी बाजू. भाडेकरूने घरमालकाला काय विचारावे? खोली दाखवणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. पण गोव्यात २०२२ साली बनावट कागदांनी जमिनी आणि घरे लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. मालक परदेशी किंवा मुंबईला, घर बंद, आणि कुणीतरी त्याचा मालक बनून हजर. विकत घेणारा फसतो तेव्हा बातमी होते; अनामत देऊन फसलेला भाडेकरू गप्प बसतो. शिवाय गोव्यात खरा मालकही बहुधा एकटा नसतो. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने पतिपत्नी मालमत्तेचे समान भागीदार असतात, आणि वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नसेल तर सगळ्या भावाबहिणींचा हिस्सा त्यात अडकलेला असतो. गावात राहणाऱ्या धाकट्या भावाने खोली दिली, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेल्या थोरल्याने ‘कुणाला विचारून?’ असा आवाज चढवला, तर भाडेकरू त्यात विनाकारण चेपला जातो. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, किंवा इतर वारसांचे संमतीपत्र, किंवा नुसते त्यांच्याशी फोनवर झालेले बोलणे, यांतले काहीतरी मागणे हा भाडेकरूचा हक्क मानला पाहिजे.

मयेत तर हे जास्तच लागू आहे. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल दाखवले की मालकी सिद्ध झाली असे सगळीकडे धरले जाते, पण घरपट्टी भरल्याने मालकी येत नाही. ती ताब्याची खूण असते. ज्याच्याकडे सनद आली आहे त्याने ती दाखवावी. ज्याची अजून यायची आहे त्याने ‘घर माझ्या ताब्यात आहे, सनदेचे काम चालू आहे’ हे करारात लिहावे. यात कमीपणा काहीच नाही. भाडेकरूलाही कळते की आपण कशात शिरतो आहोत, आणि घरमालकावर पुढे माहिती दडवल्याचा ठपका येत नाही. खोटा मालक अशी ओळ लिहून देणार नाही, त्यामुळे चौकशीचे निम्मे काम त्या एका ओळीतच होते.

घर माझे, मर्जी माझी, हा आक्षेप इथे येणारच. त्यात तथ्य आहे. राज्यघटनेतली भेदभावाची मनाई दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते अशा जागांबद्दल बोलते. आपल्या घरातली खोली कुणाला द्यावी हे ती खासगी माणसाला सांगत नाही. ज्या घरात आपण स्वतः राहतो त्याच्या पडवीला लागून असलेली खोली देताना माणूस जपून वागणार. पण मर्जी आणि अंदाज या दोन गोष्टी आहेत. बिहारचा माणूस नको, ही मर्जी असेल तर तिच्यावर बोलण्यासारखे काही नाही. बिहारचा माणूस भाडे थकवील, हा मात्र अंदाज झाला, आणि तो खरा की खोटा हे एका फोनवर कळते. तो फोन न करणाऱ्याचे नुकसान असे, की पहिल्याच दिवशी गोड बोलून अनामत देणारा, ओळखीचे आडनाव असणारा आणि तीन ठिकाणी भाडे बुडवून आलेला माणूस त्याच्या घरात आरामात शिरतो.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण लेखी करार नको असण्याचे ते मोठे कारण आहे: कागद झाला की उत्पन्न दिसते आणि कर येतो. आयकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा केल्यावर सरसकट तीस टक्के आणखी वजा करू देतो, डागडुजीवर खरोखर किती खर्च केला याचा हिशेब न मागता. एक-दोन खोल्या देणाऱ्या बहुतेक निवृत्त माणसांचे उत्पन्न त्यानंतर कराच्या टप्प्यात येतच नाही. जे चार पैसे वाचवण्यासाठी पावती टाळली जाते ते वाचतात की नाही याचीच शंका आहे, आणि त्यापायी घालवलेला पुरावा केवढ्याचा, हे वर पाहिलेच. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात लेखी करार सक्तीचा आहे, घरगुती जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे आणि कराराची माहिती दोघांनी मिळून भाडे प्राधिकरणाला द्यायची आहे. जमीन आणि भाडे हा राज्यांचा विषय असल्याने तो मसुदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण दोघांनी मिळून माहिती द्यायची ही त्यातली कल्पना गोव्याच्या पोलीस फॉर्मलाही शोभेल. आज तो फॉर्म घरमालक भाडेकरूबद्दल भरतो. त्यावर घरमालकाचा मालकीचा आधार आणि भाड्याची रक्कम यांची नोंद असती, आणि भाडेकरूला त्याची शिक्का मारलेली प्रत मिळत असती, तर दोघांचेही काम झाले असते.

सगळ्यात अवघड प्रकरण मात्र या दोघांच्या पलीकडचे आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, पुढच्या जानेवारीत विमाने सुरू झाली आणि पेडणे तालुक्यात खोल्यांची मागणी एकाएकी वाढली. डिचोलीत २०१८ पासून बंद पडलेल्या खाणींपैकी काहींचा लिलाव झाला तसे ट्रकचालक आणि यंत्रांवरचे कामगार पुन्हा दिसू लागले. अशा ठिकाणी खोली मागायला येतो तो ठेकेदार. करार त्याच्या नावाने, फॉर्म त्याच्या नावाने, भाडे तो देतो. राहतात दहाजण, आणि ते दर दोन महिन्यांनी बदलतात. इथे आधीच्या घरमालकाला फोन करून उपयोग नाही, कारण राहणाऱ्यांना कुणी घरमालक कधी भेटलेलाच नसतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरता निवारा फुकट देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली होती. ती पाळली गेली असती तर गावातल्या पडव्यांवर हा भार आलाच नसता. घरमालकाने अशा वेळी चौकशी करावी ती ठेकेदाराची: त्याचा परवाना, कामाचा आदेश, काम किती महिन्यांचे, मागच्या गावात त्याच्या माणसांनी जागा कशी सोडली. खोलीत किती माणसे राहतील हा आकडा करारात घालावा, आणि माणूस बदलला की नवे नाव पोलीस स्थानकात कळवण्याचे काम ठेकेदारावर टाकावे. मजुरांच्या मजुरीतून खोलीचे पैसे तो कापतो का, हेही विचारून घ्यावे. कापत असेल तर भाडे मजूरच भरत आहेत, आणि भाड्याच्या पावतीवर त्यांचीही नावे यायला हवीत.